दोन डोंगरांमधली खिंड

१९४२ साली अमेरिका नुकतीच महायुद्धात उतरली होती. पुरुष आघाडीवर निघाले होते आणि कारखान्यांतल्या, कचेऱ्यांतल्या रिकाम्या जागांवर बायका भराभर रुजू होत होत्या. त्यांतल्या अनेकींनी घराबाहेर नोकरी अशी कधी केलीच नव्हती. कुणाला कुठल्या कामावर नेमायचं, हा प्रश्न जागोजाग पडत होता. फिलाडेल्फियाजवळच्या स्वार्थमोर गावात इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी 'रीडर्स डायजेस्ट'मध्ये एक लेख वाचला. माणसाचा स्वभाव मोजून त्याला साजेसं काम देणाऱ्या हम-वॉड्सवर्थ नावाच्या चाचणीबद्दल तो होता. त्यांनी ती चाचणी मिळवून पाहिली आणि तिच्यात फारसा दम नाही असं त्यांचं मत झालं. मग त्यांनी ठरवलं की अशी चाचणी आपणच करायची.

इझाबेलबाईंचं वय तेव्हा चव्वेचाळीस होतं. पदवी राज्यशास्त्राची, दोन मुलं शाळेत जाणारी, वकील नवरा. १९२९ साली एका मासिकाच्या स्पर्धेत त्यांच्या रहस्यकादंबरीला साडेसात हजार डॉलरचं बक्षीस मिळालं होतं. मानसशास्त्राचं शिक्षण मात्र नाही, संख्याशास्त्राचंही नाही, विद्यापीठात जागा नाही की प्रयोगशाळा नाही. पुढची अडतीस वर्षं त्यांनी या एका कामाला वाहिली. त्यातून मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर उभा राहिला. आज पुण्या-मुंबईतल्या कंपन्यांच्या कार्यशाळांतही माणसं आपली चार अक्षरं सांगतात, ती इथून आली.

या कामाचं मूळ त्यांच्या आईकडे होतं. कॅथरिन कुक ब्रिग्ज यांचा जन्म १८७५ चा. पती लायमन ब्रिग्ज भौतिकशास्त्रज्ञ होते, पुढे नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सचे संचालक झाले. १९३९ साली युरेनियमच्या अभ्यासासाठी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी जी पहिली समिती नेमली, तिचं अध्यक्षपद त्यांच्याकडेच होतं. म्हणजे मोजमाप हा या घरातला रोजचा विषय. लहान वयात गेलेल्या भावंडांमागे उरलेल्या एकुलत्या एका मुलीला कॅथरिनबाईंनी बरीच वर्षं घरीच शिकवलं. मुलं कशी वाढतात, माणसामाणसांत फरक कुठून येतो याच्या नोंदी त्या ठेवत. मुलीने क्लॅरन्स मायर्स या तरुणाला घरी आणलं तेव्हा त्यांचं कुतूहल आणखी वाढलं. मुलगा चांगला होता, पण त्यांच्या घरातल्या कुणासारखाच नव्हता. मोजकं बोलणारा, तपशिलाला पक्का, हातात आहे त्यावर विश्वास ठेवणारा. कॅथरिनबाईंनी चरित्रं वाचून स्वतःची चार प्रकारांची मांडणी केली: चिंतनशील, उत्स्फूर्त, कार्यतत्पर आणि मनमिळाऊ.

१९२३ साली मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्या 'सायकॉलॉजिकल टाइप्स' या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद आला. तो वाचल्यावर कॅथरिनबाईंनी आपल्या नोंदी जाळून टाकल्या, असं या घरात सांगितलं जाई. युंग यांनी अंतर्मुख आणि बहिर्मुख असे दोन कल मांडले होते. जग आत घेण्याच्या संवेदन आणि अंतःप्रज्ञा या दोन रीती, आणि निवाडा करण्याच्या विचार आणि भावना या दोन रीती. युंग यांचं बरंचसं सांगणं रुग्णांच्या सहवासातून आलेलं होतं. आकडा त्यात एकही नव्हता. मायलेकींनी त्यात चौथी जोडी घातली: ठरवून, आखून जगण्याचा कल एकीकडे आणि येईल ते घेत जगण्याचा दुसरीकडे. चार जोड्यांतून सोळा प्रकार होतात, आणि प्रत्येक प्रकाराला चार बाजूंची चार इंग्रजी अक्षरं. त्या हिशोबाने इझाबेलबाई आय-एन-एफ-पी आणि नवरा आय-एस-टी-जे. चारांपैकी तीन अक्षरं वेगळी. जो माणूस आपल्यासारखा नाही तो चुकीचा नाही, हे त्यांना संसारात कळलेलं होतं, आणि ते इतरांनाही कळावं ही त्यांची मनापासूनची तळमळ होती. चाचणीचा सगळा घाट या तळमळीतून आला, तिची ताकदही आणि तिची मर्यादाही.

त्या काळी व्यावसायिक मानसशास्त्रज्ञ वेगळ्या वाटेने चालले होते. पहिल्या महायुद्धात रॉबर्ट वुडवर्थ यांनी तोफांच्या माऱ्यात खचणारे सैनिक आधीच ओळखण्यासाठी ११६ प्रश्नांचं एक पत्रक केलं होतं. त्याची उत्तरं 'हो' किंवा 'नाही'. ते तयार होईतो युद्ध संपत आलं. त्याची अडचण अशी की उत्तर देणाऱ्याला प्रश्नाचा रोख सहज कळे. मिनेसोटा विद्यापीठात स्टार्क हॅथवे आणि जे. सी. मॅकिन्ली यांनी त्यावर एक कठोर उपाय काढला. शेकडो विधानं गोळा केली. ती एकीकडे मनोरुग्णांना दिली आणि दुसरीकडे रुग्णालयात आपल्या माणसाला भेटायला आलेल्या सातशेहून अधिक लोकांना. ज्या विधानावर दोन गटांची उत्तरं खरोखर वेगळी आली ते ठेवायचं, बाकीची बाद. विधानाचा अर्थ काय, त्यामागे सिद्धान्त कुठला, हे विचारायचंच नाही. ही चाचणी १९४३ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी इझाबेलबाईंनी आपल्या पहिल्या प्रश्नावलीचा कॉपीराइट घेतला. एकीकडे सिद्धान्ताला दारात उभं न करणारे लोक, दुसरीकडे सिद्धान्ताला देव्हाऱ्यात बसवलेल्या बाई.

त्यांची काम करण्याची पद्धत मात्र कुणीही मान द्यावा अशी होती. फिलाडेल्फियातल्या एका बँकेत कर्मचारी विभाग सांभाळणारे एडवर्ड हे नावाचे गृहस्थ चाचण्यांचे जाणकार होते. त्यांच्या हाताखाली बाई चाचणी कशी करतात, गुण कसे देतात, संख्याशास्त्र कसं लावतात ते शिकल्या. मग घरी प्रश्न रचायला बसल्या. पहिले प्रश्न त्यांनी जवळपास वीस आप्तेष्टांवर पारखले. वीसेक वर्षांच्या ओळखीतून ज्यांचा प्रकार आपल्याला पक्का माहीत आहे असं मायलेकींना वाटत होतं, असे हे लोक.

प्रश्न रचण्यातली मेख जरा जवळून बघण्यासारखी आहे. समजा, आपल्याला एखाद्याचा आखून जगण्याचा कल मोजायचा आहे. 'पाहुणे यायच्या आदल्या दिवशीच तुमची तयारी झालेली असते, की आयत्या वेळी तुमची धांदल उडते?' असं विचारलं, तर धांदल कोण कबूल करील? प्रश्न फुकट गेला. तोच 'तयारी आधी झाली की बरं वाटतं, की पाहुणे आल्यावर सुचेल तसं करण्यात हुरूप येतो?' असा विचारला, तर दोन्ही बाजूंच्या माणसाला आपलं उत्तर मान खाली न घालता देता येतं. इझाबेलबाईंचा प्रत्येक प्रश्न असा दोन सन्माननीय वाटांमधला होता. आणि त्या पूर्ण प्रश्न एकगठ्ठा तपासत नसत. प्रत्येक पर्याय सुटा घेऊन, तो या बाजूच्या किती लोकांनी निवडला आणि त्या बाजूच्या किती, याचं गुणोत्तर काढत. दोन्हीकडच्यांना सारखाच आवडणारा पर्याय रद्द. विचार आणि भावना या जोडीत बायकांना लहानपणापासून एका बाजूचं वळण लावलेलं असतं, हे ध्यानात घेऊन त्या जोडीचे गुण त्यांनी पुरुषांना आणि बायकांना वेगळ्या हिशोबाने दिले. हे सगळं हाताने, कार्डांवर, घरात बसून.

नमुना वाढवण्यासाठी त्यांनी आधी मुलांच्या शाळेचं दार ठोठावलं, मग आसपासच्या शाळांचं. वडिलांनी शब्द टाकला म्हणून जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या डीननी नव्या विद्यार्थ्यांना चाचणी देऊ दिली. तिथून वाढत वाढत ४५ वैद्यकीय महाविद्यालयांतल्या ५,३५५ विद्यार्थ्यांची उत्तरं त्यांच्याकडे जमली. पुढे परिचारिकांचा दहा हजारांवरचा संचही झाला. कुठल्याही संस्थेचा पगार नसलेल्या एका गृहिणीने उभा केलेला हा साठा आहे. मला वाटतं, या चाचणीवर टीका करणाऱ्यांनी आधी या आकड्यांपाशी क्षणभर थांबावं.

चाचणी देणाऱ्यांना आपला निकाल वाचून फार बरं वाटे. 'अगदी मीच हा!' असं लोक म्हणत. हा पुरावा धरायचा का? १९४८ साली लॉस एंजेलिसमध्ये बर्ट्रम फोरर यांनी आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांना स्वभावाची एक प्रश्नावली भरायला दिली. आठवड्याने प्रत्येकाला त्याचं वर्णन दिलं आणि ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी चाराच्या वर गेली. मग उघड झालं की सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता, आणि फोरर यांनी तो रस्त्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतला होता. 'तुमच्यात पुष्कळ सुप्त गुण आहेत' हे कुणाला आपलं वाटत नाही? राशिभविष्य वाचणाऱ्या कुणालाही हा अनुभव नवा नाही. पण चाचणीशास्त्राला त्यातून एक कायमचा नियम मिळाला: ज्याचं वर्णन केलं त्याचं समाधान हा चाचणीच्या खरेपणाचा पुरावा नाही.

मग पुरावा म्हणजे काय? दोन गोष्टी लागतात. विश्वसनीयता, म्हणजे आज मोजलं आणि महिन्याने मोजलं तरी उत्तर तेच यावं. आणि सप्रमाणता, म्हणजे जे मोजतो म्हणता तेच मोजलं जावं. दुसरीचं त्रांगडं मोठं आहे, कारण अंतर्मुखता काढून समोर ठेवता येत नाही. १९५५ साली ली क्रॉनबाख आणि पॉल मील यांनी त्यावर जो निबंध लिहिला, तो आजही या शास्त्राचा पाया आहे. अशा न दिसणाऱ्या गुणाबद्दल सिद्धान्त काय काय भाकितं करतो ती आधी मांडा, मग एकेक तपासा. एखादं खोटं ठरलं तर चाचणी चुकली किंवा सिद्धान्त चुकला, आणि ते मान्य करा. चाचणी करणाऱ्याने आपली मान अशी पुढे करायची असते. इझाबेलबाईंनी ती केली. त्यांच्या गोष्टीतला सगळ्यात मोठा भाग मला हाच वाटतो.

एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस (ईटीएस) ही प्रिन्स्टनजवळची संस्था महाविद्यालयीन प्रवेशाच्या एसएटी परीक्षेमुळे देशभर दबदबा राखून होती. तिचे प्रमुख हेन्री चॉन्सी यांना माणसाची बुद्धीच नव्हे तर सगळ्या प्रकारच्या क्षमता मोजता याव्यात असं मनापासून वाटे. १९५६-५७ च्या सुमारास इझाबेलबाईंच्या चाचणीची माहिती त्यांच्यापर्यंत पोचली आणि त्यांनी ती संस्थेत आणली. लांबच्या गावातून येणारी साठीची बाई आणि डॉक्टरेट केलेले तरुण संशोधक यांचं सूत जमलं नाही. बाईंना युंगच्या सिद्धान्तावर शंका सहन होत नसे. संशोधकांना शंका घेण्याचाच पगार मिळत होता. त्यांतल्या लॉरेन्स स्ट्रिकर आणि जॉन रॉस यांच्याकडे चाचणीची छाननी आली.

त्यांनी विचारलेला प्रश्न अगदी मुळातला होता. बाईंचा दावा असा की माणूस अंतर्मुख असतो किंवा बहिर्मुख. मधला असा कुणी नसतो, मध्ये दिसतो तो मोजण्यातला गोंधळ. हे खरं असेल तर हजारो लोकांचे गुण आलेखावर मांडल्यावर दोन डोंगर दिसायला हवेत. डावीकडे अंतर्मुखांचा, उजवीकडे बहिर्मुखांचा, आणि मध्ये खिंड, जिथे माणसं तुरळक. स्ट्रिकर आणि रॉस यांनी आलेख काढले. डोंगर एकच निघाला. जिथे खिंड असायला हवी तिथेच माणसांची गर्दी होती.

याचा अर्थ कागदावर साधा वाटतो, माणसाच्या वाट्याला येतो तेव्हा जड होतो. मध्यरेषेच्या जरा अलीकडे असलेली एक मुलगी आणि जरा पलीकडे असलेला एक मुलगा स्वभावाने जवळजवळ सारखे. चाचणी त्यांना उलट अक्षरं देते. तीच मुलगी आणि टोकाचा एकलकोंडा माणूस यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक. चाचणी दोघांना एकच अक्षर देते. मोजपट्टीवरचा आकडा जे सांगत होता ते अक्षर पुसून टाकत होतं. १९६४ साली ही छाननी नियतकालिकांत छापून आली. या मांडणीला जी रचना चिकटवली आहे तिला आकड्यांचा आधार फारसा मिळत नाही, असा तिचा निष्कर्ष होता.

इझाबेलबाई गप्प बसल्या नाहीत. त्यांचा प्रतिवाद कच्चा नव्हता. प्रश्न ढोबळ असतात, त्यामुळे मधली खिंड भरून निघते, असं त्यांचं म्हणणं. दोन डोंगर गुणांत दिसले नाहीत तरी दुसरीकडे दिसतील: एखाद्या वेगळ्या मोजमापाशी हे गुण ताडून पाहिले, तर मध्यरेषेपाशी त्या नात्याची रेघ मोडायला हवी, कारण तिथे माणसाची जातच बदलते. छाननी छापून येण्याआधीच, चाचणीच्या १९६२ च्या पुस्तिकेत त्यांनी असे आलेख मांडले होते. मानसशास्त्र न शिकलेल्या व्यक्तीने इतकी नेमकी, खोटी ठरू शकेल अशी कसोटी स्वतःहून पुढे ठेवणं ही लहान गोष्ट नाही. काही रेघा मोडलेल्या दिसल्या, पण इतरांचं समाधान होईल इतक्या नाही. १९६४ साली त्यांनी ज्युनियस डेव्हिस यांच्यासोबत आपल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचा बारा वर्षांनंतरचा मागोवा मांडला: कोण कुठल्या शाखेचा डॉक्टर झाला? काही संबंध खरेच निघाले. मनोविकारशास्त्राकडे अंतःप्रज्ञेच्या बाजूचे लोक जास्त वळले होते. म्हणजे मोजपट्टी काहीतरी मोजत होती. पण त्यासाठी माणसांचे दोन प्रकार मानायची गरज पडत नव्हती.

याच सुमारास, टेक्ससमधल्या लॅकलंड हवाई तळावर अर्नेस्ट ट्यूप्स आणि रेमंड क्रिस्टल हे दोन संशोधक एका वेगळ्याच कामात होते. त्या कामाची मुळं शब्दकोशात होती. माणसाच्या स्वभावात जे जे महत्त्वाचं ते भाषेत शब्द होऊन आलेलं असणार, या विचाराने गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६ साली वेबस्टरच्या कोशातून सुमारे अठरा हजार शब्द वेचले होते. रेमंड कॅटेल यांनी त्यांचे गट पाडून यादी पस्तिसांवर आणली. ट्यूप्स आणि क्रिस्टल यांनी वेगवेगळ्या आठ गटांतल्या लोकांनी एकमेकांना दिलेले गुण तपासले आणि प्रत्येक वेळी तेच पाच घटक वर आले. १९६१ चा त्यांचा अहवाल हवाई दलाच्या कपाटात जवळजवळ पडून राहिला. पुढे इतरांनी हेच पाच पुन्हा पुन्हा शोधले आणि ते 'बिग फाइव्ह' म्हणून रुळले. यात प्रकार नाहीत. पाच मोजपट्ट्या आहेत, आणि प्रत्येक माणूस प्रत्येकीवर कुठेतरी उभा आहे.

१९८९ साली रॉबर्ट मॅक्रे आणि पॉल कोस्टा यांनी दोन्ही चाचण्या शेजारी ठेवून पाहिल्या. इझाबेलबाईंच्या चार जोड्या या पाचांपैकी चारांशी चांगल्या जुळल्या. वेगळे प्रकार असल्याचा पुरावा मिळाला नाही, पण घरातल्या कार्डांवर घासून घासून केलेले प्रश्न खऱ्या गुणांपर्यंत पोचले होते. पाचवा, मनाच्या अस्थैर्याचा घटक त्यांच्या चाचणीत नव्हताच. जिथे कुणालाही उणं लेखायचं नाही तिथे त्याला जागा कुठून मिळणार?

ईटीएसने १९७५ साली चाचणीशी संबंध तोडला. पण त्याआधीच फ्लोरिडा विद्यापीठातल्या मेरी मॅकॉली यांनी ती उचलून धरली होती. इझाबेलबाईंच्या सोबतीने त्यांनी गेन्सव्हिलमध्ये नमुन्यांचा मोठा संग्रह सुरू केला, आणि प्रकाशन कॅलिफोर्नियातल्या कन्सल्टिंग सायकॉलॉजिस्ट्स प्रेसकडे गेलं. आतापर्यंत संशोधनासाठी म्हणून हात राखून दिली जाणारी चाचणी समुपदेशकांना, प्रशिक्षकांना खुली झाली आणि तिला पंख फुटले. १९८० च्या मे महिन्यात इझाबेलबाई गेल्या. त्यांचं 'गिफ्ट्स डिफरिंग' हे पुस्तक त्याच वर्षी आलं. खरी लाट त्यानंतरची.

लाटेसोबत जुना प्रश्नही आला. १९९१ साली नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने उपलब्ध अभ्यास पाहून सांगितलं की करिअरच्या सल्ल्यासाठी ही चाचणी वापरण्याइतकं नीट केलेलं संशोधन नाही. पुन्हा चाचणी दिल्यावर चारही अक्षरं तीच आलेल्यांचं प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत २४ ते ६१ टक्के होतं. हा आकडा दिसतो तितका चमत्कारिक नाही. समजा, एकेक अक्षर शंभरातल्या पंच्याऐंशी लोकांत टिकतं. तरी चारही टिकणारे शंभरात बावन्नच उरतात. गर्दी मध्यरेषेपाशी आहे, तेव्हा थोडं इकडे-तिकडे झालं की अक्षर पालटणारच. आकडा टिकाऊ असतो, अक्षर टिकत नाही. म्हणून नोकरीला कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही हे या अक्षरांवर ठरवणं मला सरळ अन्याय वाटतो. चाचणीचे प्रकाशकसुद्धा भरतीसाठी ती वापरू नका असंच सांगतात.

खिंडीचा शोध त्यानंतरही चालू राहिला. १९९४ साली रॉबर्ट हार्वे आणि एका सहकाऱ्याने जुनी बेरीज-वजाबाकी सोडून नव्या संख्याशास्त्रीय पद्धतीने गुण काढले, आणि आलेखावर चक्क दोन डोंगर उभे राहिले. तीस वर्षांनी इझाबेलबाईंचं म्हणणं खरं ठरल्यासारखं झालं. या पद्धतीत संगणक मोजपट्टीवरचे काही मोजके बिंदू धरून आकडेमोड करतो. किती बिंदू धरायचे ते वापरणाऱ्याच्या हाती असतं, नाही तर आज्ञावलीत आधीच ठरलेलं असतं. २००२ साली हार्वे यांनीच, टॅमी बेस यांच्यासोबत, बिंदूंची संख्या वाढवून तीच आकडेमोड पुन्हा केली. मधली खिंड भरून आली आणि एकच डोंगर उरला. आधी दिसलेले दोन डोंगर माणसांतले नव्हते, आकडेमोडीच्या विरळ जाळीतून आलेले होते, असं त्यांनी आपल्याच आधीच्या निष्कर्षाविरुद्ध छापून प्रसिद्ध केलं.